नीरा उतरली का?

आषाढी वारीत नीरा नदीत ज्ञानेश्वर माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं आणि पालखी आमच्या सातारा जिल्ह्यात आली. लोणंदचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. रिंगणात माऊलींचा अश्व वारकऱ्यांच्या रांगांमधून धावत दोन हातांवरून गेला तेव्हा शेजारची मुलगी ढसाढसा रडत होती. मी फोनला रेंज आहे का ते बघत होते. बँकेतल्या बढतीचा निकाल त्याच आठवड्यात लागायचा होता.

तरडगाव ते फलटण मात्र पायाच्याच लक्षात आहे. वीस-एकवीस किलोमीटरची चाल. काळजच्या पुढं डाव्या टाचेला फोड आला. ढगाचा ठिपका नाही, टँकरपाशी रेटारेटी, आणि मागून सारखं ‘चला माऊली, चला माऊली’. मला त्या हाकेचासुद्धा राग यायला लागला.

तेवढ्यात आईचा फोन. सकाळपासूनचा चौथा.

“माऊली नीरा उतरली का गं?”

आईनं अकरा वाऱ्या केल्या. दोन वर्षांपासून तिला काही आठवत नाही. कधी मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारते. तिचीच तुळशीची माळ माझ्या गळ्यात होती. आणि मी तिच्यावर ओरडले, “परवाच उतरली, आई! किती वेळा सांगू?”

ती गप्प झाली. मग हळूच “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या ‘बरं’नं सुरवडीपर्यंत पाठ सोडली नाही. राग आईचा नव्हता. उद्या मीही अशीच होईन, ही भीती होती. हल्ली काउंटरवर एखाद्या खातेदाराचं नाव आठवलं नाही तरी माझ्या पोटात गोळा येतो. कुणाला सांगितलेलं नाही.

रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले. परभणीकडच्या दिंडीतली एक म्हातारी येऊन समोरच टेकली. काही विचारलं नाही. “पाय इकडं कर, बाय,” म्हणून टाच थेट मांडीवर घेतली. मी पाय ओढला; वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, तरी आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा? तिनं तो घट्ट धरून ठेवला. कनवटीच्या चंचीतून सुई काढली, दोरा ओवला, काडी पेटवून सुईचं टोक लाल होईपर्यंत धरलं. फोडाच्या एका कडेनं सुई आत, दुसऱ्या कडेनं बाहेर. पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. दोरा तिनं आतच ठेवला, दोन्हीकडं बोटभर सोडून तोडला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. वरून हळद.

तेवढा वेळ मला निकाल आठवला नाही, आईचं ‘बरं’ही नाही. तिची नखं, सुईचं टोक आणि पिवळी झालेली टाच, बस्स.

नाव विचारलं तर म्हणाली, “माऊलीच म्हण की.” आणि उठून आपल्या पताकेमागं पळाली. खरंच पळाली, त्या वयात.

फलटणला विमानतळाच्या मैदानावर समाजआरतीला, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, उभी राहिले. चोपदारांनी दंड उंचावला आणि हजारो टाळ एकदम थांबले. कुणाचं लेकरू खोकलं तेही ऐकू आलं. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली : एक चष्मा, एक पिशवी, एक पितळी टाळ. मला एकदम रडू फुटलं. कशाचं, ते अजून सांगता येत नाही.

राहुटीत आल्यावर मीच फोन लावला. वहिनीनं आईच्या कानाला धरला.

“माऊली नीरा उतरली का?”

“उतरली, आई. आत्ताच. पादुकांना स्नान चाललंय.”

“पाणी आहे का नदीला?”

“भरपूर आहे.”

“मग तू पण पाय धुऊन घे,” आई म्हणाली, आणि तिनं मला माझ्या नावानं हाक मारली.