तुम्ही विचारलंत म्हणून: काही खायला टाकलं होतं का?

चोचीत काहीतरी धरलेल्या पक्ष्याचा फोटो दाखवला की हा प्रश्न येतो म्हणजे येतोच. ‘ताई, काही खायला टाकलं होतं का?’ कोणी कौतुकाने विचारतं, त्यांना ट्रिक हवी असते. कोणी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतं. बरीच वर्षं मी ‘नाही हो’ म्हणून मोकळी व्हायचे. पण त्या बगळ्याच्या फोटोनंतर हे ‘नाही हो’ तितकं सरळ तोंडातून निघत नाही, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा विचारणार नाही. विचाराल म्हणा.

संशयाला जागा आहे हे आधीच मान्य करते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ती मोठी वाइल्डलाइफ स्पर्धा, तिच्यात २०१७ साली ब्राझीलच्या एमास नॅशनल पार्कमधल्या एका फोटोला बक्षीस मिळालं. रात्र, वाळवीचं वारूळ, वारुळावर चमकणाऱ्या अळ्यांचे हिरवट ठिपके आणि त्यावर चालून आलेला मुंगीखाऊ. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले होते. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी त्याच पार्कच्या एका प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या, पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी तो ताडून बघितला, अंगावरच्या खुणा आणि केसांचे झुपके जुळले आणि बक्षीस काढून घेतलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला. त्याच स्पर्धेचा २००९ चा विजेता, फाटकावरून उडी घेणारा लांडगा, तोही माणसाळलेला असावा म्हणून बाद झाला होता, आणि त्या फोटोग्राफरनेही नाकारलं होतं. त्यामुळे तुम्ही विचारता यात तुमचं काही चुकत नाही. फक्त दर वेळी मलाच विचारता.

रोजचे प्रकार याहून साधे असतात. बर्फात पंख पसरून थेट लेन्सकडे झेपावणारं पांढरं घुबड, नखं पुढे काढलेली, नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली, असा फोटो दिसला की मी पहिल्यांदा त्या नजरेकडे बघते, कारण ती जिथे लागलेली असते तिथे पुष्कळदा विकत आणलेला उंदीर सोडलेला असतो. अशा घुबडाला माणूस आणि गाडी दिसली की खाणं मिळतं हे कळतं, मग ते रस्त्याच्या कडेला येऊन बसायला लागतं, आणि गाड्या सगळ्या फोटोग्राफरच्याच नसतात. अमेरिकेतली पक्षी-संरक्षण संस्था ऑड्यूबन सोसायटी आपल्या फोटोग्राफर लोकांना सांगते की घुबडं-ससाण्यांना जिवंत आमिष दाखवू नका, पण बागेतल्या फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या भांड्यावर, मात्र त्यांची हरकत नाही, तो साफ ठेवा म्हणजे झालं. ही रेघ नेमकी कशी ओढली म्हणून मी पूर्वी चिडायचे. दाणे टाकलेले चालतात आणि उंदीर नाही? आता वाटतं रेघ बरीचशी बरोबर आहे, फक्त सरळ नाही.

खंड्याचे सूर मारतानाचे ते काचेसारखे स्वच्छ फोटो बघा. त्यातल्या कित्येकांत पाण्याखाली ट्रे बुडवलेला असतो, ट्रेत छोटे मासे सोडलेले, वर हवी तशी फांदी रोवलेली, फोकस आधीच लावून ठेवलेला. पैसे भरून बसायची हाइड असते, म्हणजे पक्ष्याला न दिसता लपून बसायची खोपी. मी बसले आहे तिथे, आणि त्या फोटोंखाली तसं लिहिते. एक गोष्ट मात्र कधीच कोणी विचारत नाही, माशाचं तोंड कुठल्या बाजूला आहे? खंड्याला मासा स्वतःला खायचा असेल तर तो फांदीवर आपटून त्याचं डोकं आपल्या घशाकडे वळवतो. पिल्लाला किंवा मादीला द्यायचा असेल तर डोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे घेणाऱ्याला तो सरळ गिळता येतो, पर आणि खवले आडवे येत नाहीत. म्हणजे फोटोकडे नीट बघितलं तर त्याच्या घरी पिल्लं आहेत का हे कळू शकतं. पण तुम्हाला ट्रे होता का एवढंच हवं असतं.

बरं, आमिष न टाकता हे फोटो मिळतात कसे? खाणं कुठे असणार हे आपण प्राण्याच्या आधी शोधून ठेवायचं. ओहोटीला कुठली पुळण आधी उघडी पडते, कुठल्या झाडाची फळं आधी पिकली, माश्या घोंघावणारं मेलेलं जनावर कुठे पडलंय, हे माहीत करून घ्यायचं आणि तिथे आडवं पडून राहायचं. वासासकट. आणि उठायचं नाही, कारण तुतवारासारख्या पक्ष्याला चिखल उपसायला ओहोटीचे मोजके तास मिळतात, त्यातून तुम्ही त्याला उडवलंत की तेवढं जेवण गेलं. माझं म्हणणं, उंदीर सोडणाऱ्याइतकाच हाही त्या पक्ष्याच्या पोटाशी केलेला खेळ आहे. पण ‘फोटोसाठी किती वेळा उडवलंत?’ असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. उडवलेला पक्षी फोटोत दिसत नाही ना.

आता तो बगळा.

हिरवा बगळा, म्हणजे नावाला हिरवा, बघायला काळपट राखाडी, मान खांद्यात घालून बसणारा. एका तळ्याच्या काठावर मी पोटावर पडले होते, लेन्स जवळजवळ पाण्याला टेकलेली. बाजूच्या लव्हाळ्यातून तो आला तो चोचीत पावाचा तुकडा घेऊनच. मला वाटलं खाईल. तर तो एका दगडावर दबकला आणि तुकडा अलगद पाण्यावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. माशांची बारकी पिलावळ जमली आणि तुकड्याला कुरतडायला लागली, तिच्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. तुकडा वाहत लांब जायला लागला तसा त्याने तो उचलून परत जवळ ठेवला. एक बदक पावावर डोळा ठेवून पोहत आलं तर हा तुकडा उचलून दोन दगड पुढे जाऊन बसला, पुन्हा ठेवला, पुन्हा दबकला. माझं बोट शटरवर आणि श्वास घ्यायचा की नाही हेच कळेना. मग तुकड्याखाली जरा मोठी सावली सरकली. मान सुटली ती मला दिसली नाही, नंतर फोटोत दिसली. चोचीत आडवा मासा, एक झटका देऊन डोकं घशाकडे, गिळला. पाव तिथेच तरंगत होता. त्याने तो शेवटपर्यंत खाल्ला नाही.

बगळे हे करतात हे मी वाचलेलं होतं. हिगुची नावाच्या जपानी संशोधकांनी कुमामोतोच्या एका बागेतल्या याच जातीच्या बगळ्यांवर १९८६ साली लिहिलंय, किडे, काड्या, पानं, जे मिळेल ते पाण्यावर ठेवून मासे बोलावतात म्हणून. पण वाचणं वेगळं आणि समोर चार हातांवर बघणं वेगळं.

फोटो एका स्पर्धेला पाठवला. पुढच्या फेरीत गेला, रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, हात न लावलेल्या फाइली, मागवल्या, मी सगळी मालिका जशीच्या तशी पाठवली. उत्तर आलं की फ्रेममध्ये माणसाचं खाद्य दिसतंय, ते कोणी टाकलं हे सिद्ध होत नाही, सबब प्रवेशिका बाद. आणि खरंच सिद्ध होत नव्हतं! माझा पहिला फोटोच पाव चोचीत असतानाचा आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर असतं, बटण दाबायच्या आधीचं अर्धा-एक सेकंदाचं मिळतं, मला अर्धा तास आधीचं हवं होतं.

ते एक वेळ चाललं असतं. ज्या मैत्रिणीबरोबर मी हा नाद सुरू केला, जिच्याबरोबर पहाटे तीनला उठून चिखलात बसले आहे, तिने फोन केला. आधी परीक्षकांना शिव्या दिल्या, मग जरा थांबून म्हणाली, ‘अगं पण मला तरी खरं सांग.’ मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. कळलं तेव्हा मी इतकी ओरडले की नंतर घसा दुखत होता. ती म्हणाली, ‘एवढी ओरडतेस कशाला मग?’ आमचं दोन महिने बोलणं बंद होतं. स्पर्धा कुठली होती हे आता विचारलं तर सांगताना मला काही होत नाही, तिचं हे वाक्य मात्र अजून आठवतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पाव मी टाकला नव्हता. समोरच्या काठावर लोक बदकांना पाव घालून गेले होते, ते मी बघितलं होतं. आणि, आता हेही ऐका, मी त्या काठाला मुद्दाम थांबले होते कारण पाव पडतो तिथे मासे येतात आणि मासे येतात तिथे बगळा येतो. थांबताना मला हे माहीत होतं. मग आमिष कोणाचं? टाकणाऱ्यांचं, बगळ्याचं, की त्या जागेचा फायदा घेणाऱ्या माझं?

जुनी मी असते तर क्षणात निकाल दिला असता. तेव्हा माझा नियमच होता, माणसाने टाकलेलं काहीही फ्रेममध्ये नको, आणि तो मी दुसऱ्यांना ऐकवायचेही. त्या जुन्या मला मी विचारते, स्पेन-पोर्तुगालमधले कितीतरी पांढरे करकोचे हिवाळ्यात आफ्रिकेत जायचे सोडून कचरा डेपोवर जेवतात, मग त्यांचा खराखुरा फोटो कुठला, डेपो फ्रेमबाहेर ठेवून काढलेला की डेपोसकट? मासेमारी बोटींच्या मागे उडणारे कुरव? ती म्हणते, ते वेगळं, तिथे कॅमेऱ्यासाठी कोणी काही टाकत नाही. बरोबर आहे तिचं. मग मी म्हणते, तळ्यावर तरी कॅमेऱ्यासाठी कोणी टाकलं होतं? तर म्हणते, तू नव्हतीस टाकलंस, पण थांबली होतीस ना? इथे मला उत्तर सुचत नाही आणि मी चिडते, म्हणजे स्वतःवरच.

मैत्रीण आता बोलते. फोटो मी भिंतीवर लावलाय, खाली ओळ लिहिलीय, ‘पाव अनोळखी माणसांचा, आमिष बगळ्याचं.’ ती घरी आली की ओळ वाचते आणि म्हणते तिसरी गोष्ट राहिली, ‘जागा फोटोग्राफरने निवडलेली’ हेही घाल. मी म्हणते जागा प्रत्येकच फोटोची निवडलेली असते, मग ओहोटीच्या फोटोखालीही लिहू का? ती म्हणते लिही. मी अजून काहीच घातलेलं नाही, ना तिथे ना इथे, आणि मागच्या वेळी तर ती चहा अर्धा टाकून गेली.