पेन्सिलीच्या फुल्या

मे महिन्यात वरच्या वर्गातल्या ताईकडे पिशवी घेऊन जायचं आणि निम्म्या किमतीत पुस्तकं आणायची. गाळलेल्या धड्यावर तिनं पेन्सिलीनं फुली मारलेली असायची. धडा छापलेला, पण बाई तो उघडायच्याच नाहीत. माझ्यानंतर ती पुस्तकं धाकट्या भावाकडे गेली, फुल्यांसकट.

पुढे पुण्यात एम.एस्सी.ला डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे जनुक गप्प ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, शिकताना मला त्या फुल्याच आठवल्या. मेंदूच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत मजकूर एकच. कुठला धडा गाळायचा, त्याच्या खुणा निराळ्या. पेशीचं विभाजन झालं की खुणाही पुढच्या पेशीकडे जातात.

पण खूण वाचणारं कुणीतरी हवं ना! ते काम करणारं एमईसीपी२ हे प्रथिन एड्रियन बर्ड यांच्या गटानं १९९२ मध्ये शोधलं. त्याचं जनुक बिघडलं की रेट सिंड्रोम होतो, हे १९९९ मध्ये ह्यूस्टनला हुडा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. साधारण १०,००० मुलींत एकीला हा विकार होतो. वर्ष-दीड वर्ष मूल छान वाढतं, मग बोलणं जातं, हातात वस्तू धरवत नाही, हात सारखे एकमेकांवर चोळले जातात.

हे वाचलं आणि शाळेसमोरच्या घराच्या पायरीवर बसणारी ती मुलगी डोळ्यांपुढे आली. तिला रेटच होता असं मी म्हणणार नाही, तपासणी कुणी केलीच नव्हती. पण तिचे हात तसेच चालायचे. 'हिची आई ग्रहणात विळीवर बसली होती,' असं आम्ही पोरीसुद्धा बोलायचो. त्या काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रेटमध्ये जनुकातला बदल बहुतेक वेळा नव्यानंच घडतो, तोही बहुधा वडिलांच्या शुक्राणूत. त्यात दोष कुणाचाच नसतो.

२००७ मध्ये बर्ड यांच्या गटानं आजारी उंदरांमध्ये हे जनुक पुन्हा चालू केलं आणि मरणाच्या दारातले उंदीर हिंडू-फिरू लागले. मी तेव्हा पीएच.डी. करत होते; तो शोधनिबंध मी उभ्या उभ्याच वाचून काढला. मेंदूतल्या पेशी मेलेल्या नव्हत्या! माणसात हे अजून साधलेलं नाही. प्रथिन कमी पडलं तर एक विकार, जास्त झालं तर दुसरा. ती मात्रा कशी सांभाळायची, यावरच माझं आजवरचं काम चाललं आहे.

ते कुटुंब नंतर गाव सोडून गेलं. कुणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर शाळेत कळवा. मला काकूंना भेटायचं आहे.