स्मिथ ओब्रायनच्या मागावर टास्मानियात, आणि तो वीलांगटाचा रस्ता

विल्यम स्मिथ ओब्रायन या आयरिश बंडखोराला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात काळ्या पाण्यावर ठेवलं होतं; त्याच्या कैदेच्या जागा बघत आम्ही फिरत होतो. पोर्ट आर्थर या जुन्या तुरुंगवसाहतीतून ट्रायाबनाला, म्हणजे मरायाह बेटाच्या बोटीच्या धक्क्याला, जाताना कॉपिंगपाशी फोन उजवीकडे वळायला सांगेल. वळू नका. आम्ही वळलो, कारण आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणचा माणूस म्हणाला होता, "जवळचा रस्ता, जंगल सुंदर."

जंगल सुंदर असेलही. माझं लक्ष रस्त्यावर होतं. केलेवीच्या पुढे डांबर संपतं आणि वीलांगटाच्या जंगलातून मोकळी खडी सुरू होते. पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा, वळणावर मागची चाकं घसरतात, फोनला रेंज नाही. उतारावर फट्ट झालं. स्टेपनी निघाली ती सायकलच्या टायरएवढी, ताशी ८० च्या वर न्यायची नाही अशी. नवरा चिखलात गुडघे टेकून जॅक फिरवत होता आणि मी घड्याळ बघत होते. सकाळची बोट गेली. वर भाड्याच्या गाडीवाल्यांनी टायरचे ३८० डॉलर लावले, कारण डांबर नसलेल्या रस्त्यावर विमा चालत नाही. हे करारात होतं, तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. ते पान गाडी घेण्याआधी वाचा.

सोरेल, बकलंडवरून हमरस्त्याने जा. त्या वाटेवर 'ब्रेक मी नेक' आणि 'बस्ट मी गॉल' नावाचे दोन चढ आहेत. नावं मान मोडण्याची असली तरी रस्ता गुळगुळीत आहे.

खरी चूक मात्र आमच्या क्रमाची. पोर्ट आर्थरचं बुकिंग आधी मिळालं म्हणून आम्ही ओब्रायनचं आयुष्य उलटं फिरलो. विल्यम स्मिथ ओब्रायन हा लिमरिकचा खासदार, जमीनदार घराण्यातला, केंब्रिजला शिकलेला. दुष्काळात आयर्लंड उपाशी मरत असताना जुलै १८४८ मध्ये टिपरेरीत बॅलिंगॅरीला त्याने बंड केलं. एका विधवेच्या घराला वेढा, थोडा गोळीबार, संपलं. फाशीची शिक्षा झाली, ती बदलून जन्मभराचं काळं पाणी. हा गडी ती सवलतही घेईना, तेव्हा पार्लमेंटला १८४९ मध्ये खास कायदा करावा लागला. 'स्विफ्ट' जहाजातून ऑक्टोबरमध्ये टास्मानियातल्या होबार्टला आणलं. पळून न जाण्याचा शब्द दिलास तर मोकळा फिर, असं सांगितलं. इतर बहुतेक साथीदारांनी दिला, याने नाही. म्हणून मरायाह बेट.

तेव्हा आधी बेट, मग पोर्ट आर्थर, शेवटी न्यू नॉरफोक गाव असंच जा. दुपारच्या बोटीत आम्हाला जागा मिळाली ते नशीब; त्याच्या भरवशावर राहू नका, सुट्ट्यांत बोटी भरतात. बेटावर दुकान नाही, खासगी गाड्या नाहीत. जेवण, चूल, बॅटरी, झोपायच्या पिशव्या सगळं पाठीवर. बेटावरच्या डार्लिंग्टन या जुन्या वस्तीतल्या तुरुंगाच्या खोल्यांत झोपता येतं. वीज नाही आणि रात्री भिंती गार पडतात. थेपले नेले होते, वाचलो. संध्याकाळी गवतात वॉम्बॅट, म्हणजे पोटाला पिशवी असलेले गुबगुबीत प्राणी, चरतात. त्यांचे फोटो सगळे टाकतात, मी टाकत नाही.

ओब्रायनची झोपडी डार्लिंग्टनमध्येच आहे, बैठी आणि छोटी. सुरुवातीला त्याला कुणाशी बोलायचीही बंदी होती. तब्येत ढासळली तेव्हा पहाऱ्यात फिरायला सोडू लागले. ऑगस्ट १८५० मध्ये मित्रांनी ठरवलेलं गलबत आलं. होडी दिसताच हा ४६ वर्षांचा माणूस पाण्यात धावला, पण शिपाई आधी पोचला. कप्तानच फितूर होता असा संशय. किनाऱ्यावर मी पायाचा अंगठा बुडवून पाहिला आणि लगेच काढला. तो तर ऑगस्टच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या पाण्यात कपड्यांसकट उतरला होता.

कबरस्तान चुकवू नका. होहेपा ते उमुरोआ या माओरी कैद्याचा दगड तिथे आहे, माओरी भाषेत कोरलेला. १८४७ मध्ये तो इथे वारला; १९८८ मध्ये त्याच्या अस्थी मायदेशी नेल्या. बिशप अँड क्लर्कचा डोंगर वेळ असेल तरच चढा, वरचा टप्पा सुट्या दगडांचा आणि मग मोठाल्या शिळांचा आहे. आमचा वेळ टायरने खाल्ला.

पोर्ट आर्थरला लोक मोठ्या तुरुंगाच्या भिंतींचे फोटो काढून बोटीच्या फेरीला पळतात. ओब्रायनचं घर वरच्या अंगाला आहे, तिथे अर्धा तास आम्ही दोघंच होतो. निसटण्याचा प्रयत्न फसल्यावर त्याला इथे आणलं, आणि नोव्हेंबर १८५० मध्ये त्याने अखेर शब्द दिला. खिडकीसमोर नीटनेटकी हिरवळ पाहून मला आधी राग आला, याला काय शिक्षा म्हणायची? मग मंडालेला सहा वर्षं काढलेले टिळक आठवले आणि मी गप्प बसले.

न्यू नॉरफोकचा दिवस सोपा गेला. नदी, जुनी घरं, बरी कॉफी. शब्द दिल्यावर ओब्रायन इथे राहिला; १८५४ मध्ये सशर्त माफी मिळून तो टास्मानियातून सुटला.

गाडी परत करताना मी तो फुटका टायर मागितला. ३८० डॉलर दिलेत म्हटल्यावर तो माझाच ना? दिला नाही.