‘प्रेस? इस्त्रीची का?’

आत्याच्या वाईच्या घरात देव्हाऱ्यावर एक लक्ष्मी आहे. कमळात उभी, चार हातांची, मागे सोंडेत माळ धरलेला हत्ती. छापील चित्रच, पण साडीच्या काठांवर कुणीतरी खरी जर चिकटवलेली आणि दागिन्यांवर बारीक टिकल्या. आत्याच्या आजेसासूबाईंनी म्हणे दुपारी बसून केलं ते. आम्ही लहानपणी तिला ‘चमचम लक्ष्मी’ म्हणायचो.

यंदा घराला रंग काढायला घेतला तेव्हा फ्रेम खाली आली, मागचा पुठ्ठा हातातच सुटला, आणि लाकडी पट्टीखाली इतकी वर्षं झाकून राहिलेली एक बारीक इंग्रजी ओळ दिसली. रवि वर्मा प्रेस, कारला, लोणावळा.

कारला! अहो, मी नोकरीच्या काळात सात वर्षं पुणे-लोणावळा लोकलने तिथूनच गेलेय. कामशेत गेलं की मळवली, मळवली गेलं की उतरायची तयारी. खिडकीतून विसापूर-लोहगड पाहिले, धुकं पाहिलं, भुट्टेवाले पाहिले. देव्हाऱ्यातली लक्ष्मी याच रुळांच्या कडेला छापली गेली असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

मग आठवडाभर वाचत बसले. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत गिरगावात शिळाछापखाना, म्हणजे दगडावरून चित्रं छापायचा कारखाना, सुरू केला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणून. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. दोनच वर्षांत मुंबईत प्लेग आला, आणि 1899 मध्ये सगळा पसारा कारल्याजवळच्या मळवलीला हलला. पुढे कर्ज वाढलं आणि छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाकडे, फ्रिट्झ श्लायशरकडे गेला. आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाच्या आधी या छापखान्याचं काम करत होते. म्हणजे देव कागदावर कसे दिसतात ते आधी पाहून घेतलं आणि मग पडद्यावर आणले, असं मी आपलं समजते.

गंमत म्हणजे या चित्रांतून तो काळ किती उघडा पडतो! पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने 1878 पासून पेशवाईतली माणसं छापून घराघरांत लावली, कारण गेलेलं राज्य निदान भिंतीवर तरी हवं होतं. रविवर्मा प्रेसने चौऱ्याऐंशी देव पोटात घेतलेली गाय छापली. दिसायला भक्तीचं चित्र, पण ते गोरक्षणाच्या चळवळीचे आणि दंगलींचे दिवस होते, त्यामुळे ती गाय पुरती राजकारणातली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही घरात देव आला तो याच कागदातून. आणि थोड्याच वर्षांत त्याच देव्या साबणाच्या कॅलेंडरवर, काड्यापेटीवर, कापडाच्या गठ्ठ्यावरच्या लेबलांवर जाऊन बसल्या. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्याचं माझ्या वाचनात तरी आलं नाही.

तर मी गेले. जुलैतल्या रविवारी. ही माझी चूक, कबूल. शिवाजीनगरला लोकलमध्ये चढले तेव्हाच कळायला हवं होतं. डब्यात निम्मी पोरं भाज्याच्या धबधब्याला निघालेली, प्रत्येक टोळक्याचा वेगळा स्पीकर, आणि सगळ्यांवर एकच गाणं, फक्त दोन-दोन सेकंदांच्या अंतराने. मळवलीला उतरले ते स्वतःच्या पायांनी नव्हे, लोंढ्याने. भाजे लेणी पाहिली. सुंदर आहेत, लाख लोकांनी लिहिलंय, वाचा.

खाली येऊन रिक्षावाल्याला विचारलं, “इथली जुनी प्रेस कुठे होती हो?”

“प्रेस? इस्त्रीची का?”

“नाही हो, छापखाना. चित्रं छापायचे तिथे.”

“हां, मग असं सांगा ना ताई. बसा.”

इतक्या आत्मविश्वासाने म्हणाला की मी बसले. 1972 मध्ये आग लागून छापखाना गेला हे मला माहीत होतं, पण निदान एखादी भिंत, एखादं जोतं दिसेल अशी आशा होती. रिक्षा मळवली सोडून कारला फाट्याच्या दिशेने निघाली तेव्हा शंका आली. एका गाळ्यासमोर थांबली तेव्हा खात्री पटली. फ्लेक्सचं दुकान. रिक्षावाल्याने परतीचंही भाडं घेतलं आणि वर “बघा, चित्रं छापतात” असं दाखवूनही दिलं. चिडायचं होतं, पण त्याचं चुकलं कुठे?

बाहेर पाऊस कोसळायला लागला म्हणून आत शिरले. विशी-बाविशीचा मुलगा कॉम्प्युटरवर बसलेला. कुठल्याशा पतसंस्थेचा वर्धापनदिन, दहा बाय पंधराचा फ्लेक्स. मध्ये मोठे साहेब, शेजारी अध्यक्ष, खाली संचालकांच्या गोल चेहऱ्यांची माळ. कुणाचा चेहरा केवढा, कुणाच्या वर कोण, याची यादी व्हॉट्सॅपवर आलेली. सकाळपासून तीनदा बदलून आली म्हणाला. एका संचालकांना तो गोरं करत होता.

“सांगतात का तसं?”

“सांगायला कशाला लागतंय, मॅडम? नाही केलं तर फोन येतो.”

आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात ती होती. कमळात उभी, चार हात, मागे हत्ती. चमचम लक्ष्मी, जर आणि टिकल्या सोडून.

“ही कुठून आणलीस?”

“गूगलवरनं. लक्ष्मी पीएनजी टाकलं की येते.”

मी त्याला मोबाईलवर आत्याकडच्या चित्राचा फोटो दाखवला, खालची ओळ मोठी करून. त्याने ती दोनदा वाचली. “कारला? आपलं कारला?” मग त्याने माऊस सोडला. कसं छापायचे ते विचारायला लागला. मी वाचलेलं सगळं सांगून टाकलं. चुन्याच्या दगडाची गुळगुळीत लादी, त्यावर तेलकट खडूने उलटं चित्र, ओल्या दगडावर शाई फक्त तेलकट रेघांना धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच कागदावर सगळे दगड एकामागून एक छापायचे आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरासंही हलू द्यायचं नाही, नाहीतर लक्ष्मीचे ओठ गालावर.

“म्हणजे लेयर,” तो म्हणाला. “माझ्या या फाईलला चाळीस आहेत. पण चुकलं तर? अनडू कसं करायचे?”

“दगड वाळूने घासून कोरा करायचा, आणि पहिल्यापासून.”

तो जोरात हसला. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर होता, लोखंडी चौकट बसली की झाकला जाईल इतका बारीक. मी काही बोलले नाही.

तेवढ्यात व्हॉट्सॅप वाजला. यादी चौथ्यांदा बदलली होती. एक उपाध्यक्ष वाढले होते आणि त्यांना वरच्या रांगेत जागा हवी होती. मुलाने दोन मिनिटं इकडेतिकडे सरकवून पाहिलं, मग लक्ष्मीवर क्लिक केलं आणि मागचा हत्ती सोंडेतल्या माळेसकट कापायला घेतला.

“अरे, हत्ती तेवढा राहू दे ना.”

“मग उपाध्यक्ष कुठे बसवू, मॅडम?”