व्हरांड्यातले ठिपके

समान कालावधीत समान अंतर कापणाऱ्या वस्तूची गती एकसमान असते, ही व्याख्या आम्हां सर्वांना तोंडपाठ होती. तिचा अर्थ मात्र मला कळला तो नववीत, विज्ञानाच्या सरांनी तळाला बारीक छिद्र पाडलेला पाण्याचा डबा चाके लावलेल्या फळीवर ठेवला आणि ती फळी मला व्हरांड्यातून ढकलायला लावली तेव्हा. थेंब ठरावीक वेळाने पडत होते. (डब्यातले पाणी कमी झाले की थेंबही मंदावतात, म्हणून सरांनी सुरुवातीचे दहाबारा ठिपकेच मोजायला सांगितले होते.) दोनतीन प्रयत्न फसल्यावर माझा हात स्थिरावला आणि ठिपक्यांमधली अंतरे फूटपट्टीने जवळजवळ सारखी भरली.

त्यावर सरांनी विचारले, "फळी अशी एका चालीने जात असताना तिच्यावरचे एकूण बल किती?" मी ढकलत होतो तेवढे, असे मी ठामपणे सांगितले. सर म्हणाले, "मग ठिपके एकमेकांपासून लांब लांब का पडत गेले नाहीत?" मी गप्प झालो. एकूण बल शून्य नसते तर त्वरण, म्हणजे वेगातला बदल, निर्माण झाले असते आणि प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा वाढले असते. ती सारखी होती, याचाच अर्थ माझा जोर आणि घर्षण एकमेकांना पुरते छेदत होते. हात काढल्यावर ठिपके जवळजवळ येत फळी थांबली, ती माझे बल 'संपले' म्हणून नव्हे, तर घर्षण एकटेच उरले म्हणून. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उतारावरील चेंडूंच्या आधारे याच दिशेने विचार मांडला होता, हे मला पुष्कळ नंतर समजले.

एवढे कळूनही पुढच्या चाचणीत मी घसरलोच. दोरीला बांधून एकसारख्या चालीने गरगर फिरवलेल्या दगडाचा 'वेग एकसमान असतो' असे मी लिहिले आणि एक गुण गमावला. वेगात चालीबरोबर दिशाही धरली जाते; चाल तीच राहिली तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणून वेगही बदलतो आणि तो बदल घडवायला दोरीचा केंद्राकडे ओढणारा ताण लागतो, हे सरांनी उत्तरपत्रिकेवर लाल शाईने लिहिले होते. तरीही तो गुण मला मिळायला हवा होता, असे मी त्या वेळी चार दिवस म्हणत होतो.