रोहीच्या आसपासची माती

सप्टेंबरातला शनिवार. हिंगण्याकडच्या एका शेताच्या धुऱ्यावर मेलेलं रोही, म्हणजे नीलगाय, सापडलं आणि वनखात्यानं मला बोलावलं. मी प्राणिशास्त्र शिकवते, काम मढ्यावर बसणाऱ्या माश्यांवर.

संशय शेतमालकावर होता. वडील नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती म्हणून तो तिथंच होता, गुरुवारी संध्याकाळी गावात परतला. त्याच रात्री त्यानं कुंपणात करंट सोडला, असं सगळे धरून चालले होते.

कुणीतरी आधीच अळ्या गोळा केल्या होत्या, पण सरळ स्पिरिटमध्ये टाकून. काळ्या पडून आकसलेल्या. आधी कडक गरम पाण्यात मारल्याशिवाय अळीच्या लांबीचा भरवसा धरता येत नाही. मी नव्यानं घेतल्या. काही जिवंत, कलेजीच्या तुकड्यावर.

"यायले खाऊ कायले घालून राहिल्या, मॅडम?" वनरक्षक नाक दाबून म्हणाला.

"माशी निघाली की जात पक्की ओळखता येते, भाऊ."

अंगावरच्या अळ्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या होत्या, मागच्या श्वसनछिद्रांत तीन-तीन चिरा. माशा सहसा रात्री अंडी घालत नाहीत. म्हणजे गुरुवारी रात्री मेलेल्या जनावरावर शुक्रवारी सकाळी अंडी, आणि शनिवारी फार तर कोवळ्या अळ्या. तिथंच मला खटकलं. पण खरी साक्ष मढ्यावर नसते. पोट भरलेली अळी तिथं थांबत नाही. दूर सरकून मातीत शिरते, कोष करते. खुरपीनं आसपासची माती उकरली, तर पाचोळ्याखाली गडद तपकिरी कोष. धुऱ्याच्या पार दुसऱ्या टोकालाही उकरून पाहिलं, तिथं एकही नाही. म्हणजे हे याच रोहीचे.

"अळ्यांच्या गर्दीत ऊब असते, लवकर वाढल्या असतील," वनखात्याचे साहेब म्हणाले. प्रश्न रास्त होता. थर्मामीटर खुपसला तर आतलं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त भरलं. ती सूट दिली तरी अंड्यापासून कोषापर्यंतचा प्रवास दोन दिवसांत होत नाही. आपल्याकडच्या सप्टेंबरात पाचेक दिवस लागतात.

काही दिवसांनी प्रयोगशाळेत कोषांतून लाल डोळ्यांच्या हिरव्या-निळ्या माशा निघाल्या: क्रायसोमिया मेगासेफाला. अहवालात मी मृत्यूची वेळ लिहिली नाही, मारेकरी तर नाहीच. अंडी मंगळवारच्या आधीच घातली गेली होती, एवढंच लिहिलं. साहेबांना ते फारच थोडं वाटलं. तरी त्यांनी मेडिकलमधून डिस्चार्जचा कागद मागवला, आणि त्या आठवड्यात शेताची राखण कोणाकडे होती, याची चौकशी सुरू केली.