साक्षीला जाताय? एसटीचं तिकीट टाकू नका

देवगडहून ओरोसच्या कोर्टात सरकारी खटल्याच्या साक्षीला जायचं, तर प्रवासखर्च सरकारकडून मागता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५० (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१२) त्यासाठीच आहे. मात्र तो आपोआप मिळत नाही. न्यायाधीशांनी आदेश द्यावा लागतो, म्हणून अर्ज त्याच दिवशी, कोर्ट उठण्याआधी करा. सरकारी वकिलांना सकाळीच सांगून ठेवा. सोबत समन्स, ओळखपत्र आणि जातानाचं तिकीट जोडा. एसटीच्या तिकिटाची शाई लवकर उडते, तेव्हा उतरल्या उतरल्या झेरॉक्स काढा. साक्ष न होता नुसती तारीख पडली तरी हजेरी नोंदवून खर्च मागा. इथेच बहुतेकजण गप्प घरी येतात. दिवाणी दाव्यात मात्र हा खर्च साक्षीदार बोलावणारा पक्षकार भरतो.